टेकडीवरचा आकडा आणि नळ स्टॉपचा सिग्नल

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारी मंडळी तिच्या कोथरूडकडील भागाला सर्रास ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, कारण १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे आवार तेथे आहे. गाडीच्या माहितीपत्रकात ‘लिटरमागे अमुक किलोमीटर’ असा जो आकडा छापलेला असतो, तो या किंवा अशाच दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेतल्या चाचणीतून आलेला असतो. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या एकाच यंत्रणेवर, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा जोडीवर, चालणाऱ्या दोन स्ट्राँग हायब्रिड गाड्यांसाठी तो आकडा २७.९७ आहे. आमच्या घरी यांपैकीच एक गाडी आहे, आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, की खरेच अठ्ठावीसचे ॲव्हरेज पडते का.

पडत नाही. पुणे शहरात बावीसच्या आसपास पडते, द्रुतगती महामार्गावर शंभरच्या वेगाने एकोणीस-वीस पडते, आणि मुलीला शाळेत सोडून लगेच परतायचे असेल तेव्हा पंधरासुद्धा पडत नाही. एकाच गाडीचे हे तीन आकडे इतके वेगळे का, आणि साध्या पेट्रोल गाडीत जो क्रम असतो तो येथे उलटा का होतो, हे समजून घेतल्याशिवाय हायब्रिड घ्यावी की नाही, याला नीट उत्तर देता येत नाही.

आधी टेकडीवरच्या आकड्याविषयी. आपल्याकडे ही चाचणी मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल या ठरावीक क्रमाने होते. गाडी रस्त्यावर न नेता रोलरवर चढवतात आणि प्रशिक्षित चालक पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो व कमी करतो. वीस मिनिटांच्या आत संपणाऱ्या या क्रमात शहरी भागाची चार आवर्तने आणि शेवटी महामार्गाचा म्हणून एक तुकडा असतो. त्यात गाडी ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. चढ नाही, उतार नाही, मध्येच घुसणारी रिक्षा नाही, मागे बसलेली तीन माणसे नाहीत. सगळ्या गाड्यांना एकच मोजपट्टी लागावी एवढ्यासाठीच हे केलेले असते, त्यामुळे कंपनीने फसवले असे म्हणण्यात अर्थ नाही. मात्र एवढे खरे, की हळू वेग, वारंवार थांबणे आणि सौम्य वेगवाढ यांनी भरलेला हा क्रम हायब्रिड यंत्रणेच्या विलक्षण सोयीचा आहे. म्हणून छापील आकडा आणि प्रत्यक्ष ॲव्हरेज यांतली तफावत हायब्रिडमध्ये जरा जास्तच डोळ्यांत भरते.

‘हायब्रिड’ या एका नावाखाली आपल्याकडे बरेच काही विकले गेले आहे, तेही येथेच सांगून टाकते. माइल्ड हायब्रिडमध्ये पट्ट्याने इंजिनाला जोडलेला एक छोटा जनित्र-मोटर असतो. तो सिग्नलला बंद झालेले इंजिन अलगद सुरू करतो आणि वेग घेताना थोडा हातभार लावतो, पण एकट्याच्या बळावर चाके फिरवू शकत नाही. २०१५ साली केंद्राची फेम योजना सुरू झाली तेव्हा अशा गाड्यांनाही अनुदान मिळत होते, आणि ते एप्रिल २०१७ पासून बंद झाले, हे योग्यच झाले. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एकटी गाडी ओढू शकते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीला आलेली टोयोटा प्रियस ही या जातीची पहिली मोठ्या संख्येने बनवलेली गाडी. आपल्याकडे २००८ मध्ये होंडा सिव्हिक हायब्रिड आणि त्यानंतर प्रियस येऊन गेल्या, पण त्यांच्या किमती पाहून लोक लांबूनच नमस्कार करीत. २०२२ मध्ये होंडा सिटी, हायरायडर आणि ग्रँड विटारा आल्या आणि मगच हा विषय मध्यमवर्गीय पार्किंगमध्ये उतरला. तिसरी जात प्लग-इनची. तिच्याविषयी पुढे.

स्ट्राँग हायब्रिड पेट्रोल वाचवते ते ब्रेक दाबल्यावर बॅटरी चार्ज होते म्हणून, असा सर्वांचा समज असतो. तो खोटा नाही, पण अर्धाही खरा नाही, आणि हे आकडेमोड केल्याशिवाय पटत नाही. चालकासह चौदाशे किलोची गाडी ताशी ३५ किलोमीटरच्या वेगाने चालली असेल, तर तिच्या गतीत साधारण ६६ किलोज्यूल ऊर्जा असते. साध्या गाडीत ती ब्रेकच्या पॅडवर घासून उष्णता म्हणून वाया जाते आणि सिग्नल सुटल्यावर तेवढाच वेग पुन्हा घ्यायला सुमारे आठ मिलिलिटर पेट्रोल लागते. हायब्रिडने यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग परत मिळवला असे धरले, तर दर थांब्यामागे चार-पाच मिलिलिटर वाचतात. बारा किलोमीटरच्या प्रवासात तीस वेळा थांबावे लागले, तरी वाचले दीडशे मिलिलिटरच. त्याच प्रवासाला याच आकाराची पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी एक लिटरच्या वर खाते आणि हायब्रिड जेमतेम अर्धा लिटर. म्हणजे उरलेली बचत दुसरीकडून येते.

त्यातली काही येते इंजिन बंद राहण्यातून. दीड लिटरच्या आसपासचे इंजिन एसी लावून जागच्या जागी चालू ठेवले, तर तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जाते. पाऊण तासाच्या प्रवासात पंधरा मिनिटे सिग्नलला आणि कोंडीत गेली, तर दोनशे-अडीचशे मिलिलिटर एकही फूट पुढे न सरकता संपलेले असतात. बाकीची बचत सगळ्यांत कमी बोलली जाणारी आणि माझ्या मते सगळ्यांत हुशारीची आहे. पेट्रोल इंजिन भरपूर ताकद मागितली तर कार्यक्षमतेने चालते. थोडी मागितली तर नुसते इंधन उधळते. विसाच्या वेगाने सरकणाऱ्या गाडीला ओढायला फार थोडे किलोवॉट लागतात, आणि शंभर अश्वशक्तीचे इंजिन तेवढ्यासाठी राबवणे म्हणजे वाटीभर आमटीसाठी लग्नाचे पातेले चुलीवर चढवणे. हायब्रिडचा संगणक ते करू देत नाही. एक तर तो इंजिन पूर्ण बंद ठेवतो, किंवा चालू केलेच तर ते त्याच्या सोयीच्या भारावर चालवतो आणि वरची वीज बॅटरीत साठवतो.

शिवाय हे इंजिनही वेगळ्या बांधणीचे असते. ॲटकिन्सन पद्धतीत हवा आत घेणारी झडप उशिरा बंद होते, त्यामुळे दाबण्याच्या टप्प्यापेक्षा प्रसरणाचा टप्पा लांब पडतो आणि जळलेल्या इंधनातून अधिक काम निघते. प्रियसच्या चौथ्या पिढीतील इंजिनाने आपल्या सर्वोत्तम बिंदूवर ४० टक्के कार्यक्षमता गाठली होती. साधे पेट्रोल इंजिन शहरी रहदारीत प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळते. या पद्धतीत इंजिन हळू फिरत असताना जोर कमी पडतो, ती उणीव मोटर भरून काढते. एकाची उणीव दुसऱ्याने झाकायची, असा हा संसार आहे.

कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सातला नळ स्टॉपच्या सिग्नलला उभे राहिले, की हे सगळे समोरच्या पडद्यावरच्या बाणांत दिसते. इंजिन बंद, एसी चालू, बॅटरीच्या पट्ट्या सहा. सिग्नल सुटतो, गाडी मोटरवर निघते, पुढच्या बसमागे वीस मीटरवर थांबते. पुन्हा निघते, पुन्हा थांबते. असे चालू असताना पट्ट्या तीनवर येतात, मग इंजिन स्वतःहून जागे होते, दोनेक मिनिटे ठराविक सुरात चालते आणि पुन्हा गप्प होते. बाजूचा दुचाकीस्वार दचकून पाहतो, कारण गाडी थांबलेली असताना इंजिन सुरू झालेले असते आणि धावताना बंद. ब्रेक लांबून आणि हळू दाबला, तर बाण चाकांकडून बॅटरीकडे वळतो. ऐन वेळी कचकन दाबला, तर मोटरला एवढी ऊर्जा एकदम पकडता येत नाही आणि काम पॅडवर जाते. गाडी चालवण्याची माझी पद्धत या एका बाणाने जितकी बदलली, तितकी घरच्यांच्या सूचनांनी कधी बदलली नव्हती.

द्रुतगती महामार्गावर यांपैकी बहुतेक फायदे गळून पडतात. शंभरच्या स्थिर वेगाला साधे इंजिनही बऱ्यापैकी कार्यक्षमतेने चालत असते, थांबणे नसते, ब्रेक क्वचित लागतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने उंच, चौकोनी बांध्याच्या गाडीला तिथे कोणतीही यंत्रणा फारशी वाचवू शकत नाही. ऐंशीच्या वेगाने डाव्या मार्गिकेतून गेले तर माझ्या गाडीचे ॲव्हरेज तेवीसपर्यंत चढते. मात्र ट्रकांच्या रांगेत ते किती वेळ जमते, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. होंडाच्या यंत्रणेत महामार्गाच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडले जाते, टोयोटाच्या यंत्रणेत ग्रहमालिकेसारखी दात्यांची जोडणी दोन मोटरी आणि इंजिन यांच्यात कामाची सतत वाटणी करीत राहते. मार्ग वेगळे असले तरी हवेचा हिशेब दोघांना सारखाच.

घाटाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तेथे बॅटरीचा खरा आकार कळतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आणि खोपोली ६० मीटरच्या आसपास. माणसे आणि सामान धरून दीड टन भरलेली गाडी एवढी खाली उतरते तेव्हा सव्वादोन युनिट वीज होईल एवढी स्थितिज ऊर्जा तिच्याजवळ असते. हवा, टायर आणि रूपांतरातली घट वजा केली तरी एक युनिटाच्या आसपास हाती यायला हरकत नसते. पण आमच्या गाडीतील बॅटरीची एकूण क्षमताच ०.७६ युनिट आहे, आणि ती दीर्घकाळ टिकावी म्हणून यंत्रणा तिचा मधलाच काही भाग वापरू देते. त्यामुळे अर्धा घाट उतरण्याच्या आत पट्ट्या काठोकाठ भरतात. त्यानंतर यंत्रणा इंजिनाला इंधन न देता नुसते फिरवते, म्हणजे त्याच्या विरोधाने गाडीचा वेग आवरला जावा. पहिल्यांदा हा आवाज ऐकणाऱ्याला गाडी बिघडल्यासारखे वाटते, कारण पायाखाली ॲक्सिलरेटर नसताना इंजिन घोंघावत असते. घाट चढताना नेमके उलटे: बॅटरी सुरुवातीला मदत करते, लवकरच दमते आणि उरलेला चढ ते तीन सिलिंडरचे इंजिन चढ्या आवाजात एकटे ओढते. तेव्हाचे ॲव्हरेज पाहू नये.

आता हिशेबातली एक खोच. लिटरमागे किलोमीटर या आपल्या सवयीच्या मापाने बचत नीट दिसत नाही. दहाचे ॲव्हरेज बाराचे झाले, तर शंभर किलोमीटरला १.७ लिटर वाचतात. पंचवीसचे अठ्ठावीस झाले, तर अर्धा लिटरही वाचत नाही. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असे माप वापरतात, आणि गाड्यांची तुलना करताना तेच सोयीचे आहे. त्या मापाने पाहिले, तर शहरात अकराचे ॲव्हरेज देणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीच्या जागी बावीस देणारी हायब्रिड आली, की शंभर किलोमीटरला साडेचार लिटर वाचतात. महामार्गावर सोळाच्या जागी एकोणीस आले, तर एकच लिटर. म्हणजे शहरातला एक किलोमीटर महामार्गावरच्या चार-पाच किलोमीटरइतकी बचत करतो. वर्षाला बारा हजार किलोमीटर निव्वळ शहरात चालणाऱ्या माणसाचे साडेपाचशे लिटरच्या आसपास, म्हणजे शंभरीच्या पुढच्या दराने पंचावन्न हजार रुपयांच्या वर वाचतात, आणि हायब्रिडसाठी जास्त मोजलेले दोन-अडीच लाख चार-पाच वर्षांत वसूल होतात. तेच किलोमीटर सातारा-कोल्हापूर महामार्गावर होत असतील, तर वसूल होईपर्यंत गाडी म्हातारी होते. लांबच्या प्रवासासाठी हायब्रिड घेतली असे अभिमानाने सांगणारे भेटतात, तेव्हा मी गप्प बसते.

लहान फेऱ्यांचे दुखणे वेगळे आहे. सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिन काही वेळ चालतेच, बॅटरी भरलेली असली तरी. कारण इंजिन आणि त्याच्या धुराच्या नळकांड्यातील, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही तापवायचे असतात. शाळा दीड-दोन किलोमीटरवर असेल, तर सगळे तापेपर्यंत शाळा येते आणि ते पेट्रोल बसल्याजागी संपते. डिसेंबरच्या गार सकाळी हे जास्त जाणवते. मेमध्ये कारण वेगळे: हायब्रिडचा एसी विजेवर चालतो, उन्हात तापलेली गाडी गार करताना तो एक-दीड किलोवॉट सहज ओढतो, आणि एवढ्याशा बॅटरीवर तो पाव तासही निघत नाही. मग उभ्या गाडीत इंजिन वारंवार सुरू होते. पुणेकरांना ॲव्हरेज सगळ्यांत चांगले मिळते ते पावसाळा सरल्यानंतरच्या आठवड्यांत, जेव्हा काच थोडी खाली केली तरी भागते.

यात पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलचीही भर आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे या मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के, आणि आधीच्या दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते. एवढा फरक टाकी-ते-टाकी मोजणाऱ्याला दिसतोच, मात्र मोजणे नीट हवे. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले, की तिथेच थांबवायचे आणि पुढच्या वेळीही तिथेच. ‘राउंड फिगर करू का?’ या प्रेमळ प्रश्नाला दर वेळी नाही म्हणायचे. पडद्यावरचा आकडा माझ्या गाडीत नेहमी थोडा आशावादी असतो, म्हणून मी ट्रिप मीटरच्या किलोमीटरना पावतीवरच्या लिटरांनी भागते.

इंधनाकडून धुराकडे वळताना एक गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे. कार्बन डायऑक्साइड हा जळलेल्या इंधनाच्या सरळ प्रमाणात निघतो. लिटरभर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो. त्यात इथेनॉल मिसळल्याने लिटरमागचा आकडा थोडा उतरतो, पण लिटरमागचे अंतरही जवळपास त्याच प्रमाणात घटते, म्हणून धुराड्यापाशी किलोमीटरमागचा हिशेब फारसा हलत नाही. बावीसच्या ॲव्हरेजने किलोमीटरमागे शंभर ग्रॅमच्या जरा वर, अकराच्या ॲव्हरेजने दोनशेच्या वर. केंद्र सरकारच्या इंधन-कार्यक्षमता नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात कंपन्यांच्या विकलेल्या सर्व गाड्यांची सरासरी ११३ ग्रॅमवर ठेवण्याचे बंधन आहे, पण तेही प्रयोगशाळेतले ग्रॅम. स्ट्राँग हायब्रिडला त्या सरासरीत एकाऐवजी दोन गाड्या म्हणून मोजता येते, आणि कंपन्यांच्या हायब्रिडप्रेमात या नियमाचा वाटा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

श्वासाला अपाय करणारा धूर मात्र लिटरांच्या प्रमाणात चालत नाही. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निरुपद्रवी करतो, पण तो अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्यावरच. थंड इंजिनाच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत जे बाहेर पडते, ते पुढच्या कित्येक किलोमीटरच्या धुराला भारी असते. हायब्रिडमध्ये इंजिन मध्ये मध्ये बंद राहिल्याने कन्व्हर्टर निवण्याचा धोका असतो, म्हणून यंत्रणा त्याच्या तापमानावर लक्ष ठेवून कधीकधी केवळ त्याच्यासाठी इंजिन सुरू करते. एरवी कोंडीत इंजिन बंद असल्याचा लाभ बाजूच्या रिक्षात बसलेल्या माणसाला लगेच मिळतो, आणि शहरासाठी हायब्रिडच्या बाजूने सांगण्यासारखी हीच सगळ्यांत भक्कम गोष्ट आहे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या बीएस-६ या धूर-मर्यादेच्या नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात धुराचे मोजमाप प्रत्यक्ष रस्त्यावर, गाडीच्या मागे यंत्र लावून करणे आले, हे त्यामुळे फार बरे झाले.

आपली पीयूसी चाचणी अजून त्या वाटेवर नाही. गाडीला वर्ष झाल्यावर मी पेट्रोल पंपाजवळच्या व्हॅनपाशी गेले. तिथल्या मुलाने नळी धुराड्यात घातली आणि म्हणाला, “ताई, गाडी चालू करा.”

“चालूच आहे.”

त्याने वाकून ऐकले, यंत्राकडे पाहिले. पडद्यावर कार्बन मोनॉक्साइड शून्य, हायड्रोकार्बन शून्य. “रेस द्या जरा.” न्यूट्रलमध्ये मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन सुरू झाले, आणि तो आकडे टिपणार एवढ्यात पुन्हा बंद पडले. शेवटी पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने पेडल दाबून गाडीला देखभालीच्या अवस्थेत घातले, तेव्हा इंजिन एकसारखे चालत राहिले आणि प्रमाणपत्र मिळाले. मागे उभ्या असलेल्या काळा धूर सोडणाऱ्या टेम्पोवाल्याची मात्र या सगळ्यात चांगली करमणूक झाली. जे माप इंजिन जागच्या जागी चालू ठेवून घेतात, ते उभी असताना इंजिन बंद ठेवणाऱ्या गाडीबद्दल काय सांगणार?

प्लग-इन हायब्रिडचे उदाहरण येथे मुद्दाम घेते, कारण छापील आकड्याची फजिती त्यात सगळ्यांत मोठी झाली. या गाडीची बॅटरी मोठी असते आणि ती घरी सॉकेटला लावून भरायची असते. चाचणीत असे धरलेले असते, की मालक ती नेमाने भरेल. युरोपीय आयोगाने गाड्यांतील इंधन-नोंद यंत्रांची माहिती गोळा करून मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात प्लग-इन गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत ही तफावत वीस टक्क्यांच्या आसपास होती. बऱ्याच मालकांनी ती अपेक्षेपेक्षा फारच कमी वेळा चार्ज केली होती. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्या आणि महागड्या आहेत. पण त्यांना सवलत देण्याची चर्चा निघेल तेव्हा हा अहवाल समोर असावा.

राहिला विद्युत गाडीचा प्रश्न, जो हायब्रिडचा विषय निघाला की पाठोपाठ येतोच. भारतीय वीजजाळ्यात एका युनिटमागे सध्या सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. याच आकाराच्या विद्युत गाडीला चार्जिंगमधली घट धरून शंभर किलोमीटरला सोळा-सतरा युनिट लागतात, म्हणजे किलोमीटरमागे ११२ ते ११९ ग्रॅम, आणि तारांमधली गळती धरली तर त्याहून जास्त. शहरातल्या हायब्रिडचे शंभरच्या वर ग्रॅम धुराड्यापाशीचे आहेत. तेल काढणे, शुद्ध करणे आणि वाहून आणणे मिळवले, की तीही १३० च्या घरात जाते. म्हणजे आज शहरात दोघी जवळजवळ बरोबरीत. पण विद्युत गाडीचा धूर चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या चिमणीतून निघतो, कर्वे रस्त्यावर नाही; चंद्रपूरकरांना यात काय वाटत असेल हा प्रश्न मी बाजूला सारत नाही. शिवाय सौर आणि पवन वीज जशी वाढेल, तशी आज घेतलेली विद्युत गाडी दर वर्षी आपोआप स्वच्छ होत जाईल. हायब्रिड मात्र जुनी होत जाईल.

करांत ही बरोबरी कुठेच दिसत नाही. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, त्याआधी उपकरासह ४३ टक्के होता. विद्युत गाडीवर पाच टक्के. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासह तीन मोठ्या रस्त्यांवर टोलमाफी आहे ती विद्युत गाड्यांना, हायब्रिडला नाही. विद्युत गाडीला झुकते माप देण्याला माझी हरकत नाही, ते द्यायलाच हवे. पण शहरात दुप्पट इंधन जाळणाऱ्या त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीलाही तोच ४० टक्के कर आणि हायब्रिडलाही तोच, यात कर बसवणाऱ्याने लांबी मोजली आहे, धूर मोजलेला नाही.

आमच्या घरी पुढची गाडी छोटी विद्युत घ्यायचे चालले आहे, शाळेच्या आणि मंडईच्या फेऱ्यांसाठी; कारण नेमक्या त्याच फेऱ्यांत हायब्रिड सगळ्यांत कमी कामाची ठरते. हायब्रिड नळ स्टॉपवरून हिंजवडीला जात राहील. सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जरला परवानगी दिली, की झाले. तो अर्ज गेल्या सर्वसाधारण सभेत पुढच्या सभेवर गेला आहे.